वाटाड्या

वर्गात बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'वर बोलू लागलो की मला जरा चेव येतो. ६ जानेवारी १८३२ ही तारीख मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो आणि खडू खाली ठेवून पुढची पंधरा मिनिटे मुलांचे काही ऐकत नाही. गेल्या वर्षी असाच रंगात आलो असताना मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, ज्यांची भाषा राज्यकर्त्यांची भाषा नव्हती अशा आणखी कुठल्या लोकांत पहिलं वर्तमानपत्र कुणी काढलं?" प्रश्न नामी होता आणि उत्तर मला येत नव्हते. अशा वेळी मास्तरने काय करायचे असते? "पुढच्या तासाला सांगतो" असे म्हणायचे असते. तसे म्हणून मी ग्रंथालयाची वाट धरली. तो पुढचा तास केव्हाच होऊन गेला. मी मात्र त्या शोधात भेटलेल्या एका गृहस्थाच्या संगतीत वर्षभर रमलो. आज त्यांची आणि वाचकांची गाठ घालून द्यावी असे मनात आहे.

गृहस्थांचे नाव व्हॅलेंटिन वोद्निक. देश स्लोव्हेनिया. आल्प्सच्या दक्षिण उतारावरचा हा एवढासा मुलूख. लोकसंख्या आजही वीस-एकवीस लाखांच्या घरात. १९९१ साली तो स्वतंत्र राष्ट्र झाला. त्याआधी युगोस्लाव्हियाचा भाग होता आणि त्याही आधी कित्येक शतके ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग बादशहांच्या पदरी. वोद्निकच्या काळी कचेरीत जर्मन, विद्यालयात जर्मन आणि लॅटिन, चर्चमध्ये लॅटिन. स्लोव्हेन भाषा उरली होती शेतात, स्वयंपाकघरात आणि पाद्र्याच्या प्रवचनात. त्या भाषेत 'वोद्निक' या शब्दाचा अर्थ वाटाड्या असा आहे. हे आडनाव त्याने घेतलेले नव्हे, वडिलोपार्जित आहे. पण कधी कधी आडनावेही माणसाची वाट पाहत बसलेली असतात.

जन्म ३ फेब्रुवारी १७५८, ल्युब्लियाना शहराला लागून असलेल्या शिश्का गावचा. त्याने पुढे स्वतःची अगदी त्रोटक हकीकत लिहून ठेवली आहे, आणि तिच्यातल्या एका तपशिलावर माझा फार जीव आहे. नवव्या वर्षी हा पोरगा खेळ, डबकी आणि थंडीत गोठलेल्या तळ्यांवरून घसरणे हे सारे सोडून शाळेत जायला तयार झाला, तो एका अटीवर. विद्या डोक्यात शिरली नाही तर हवी तेव्हा शाळा सोडता येईल, असे त्याला वडीलधाऱ्यांनी कबूल केले होते! पोराने ती सवलत कधी वापरली नाही. चुलता फ्रान्सिस्कन मठात होता, त्याने हाताशी धरून शिकवले, आणि १७७५ साली पुतण्यानेही त्याच पंथाची दीक्षा घेतली. नऊएक वर्षांनी तो मठ सोडून बाहेर पडला, पण पाद्रीपण सुटले नाही. मग खेडोपाडी बदल्या. आज सोरा, उद्या ब्लेड, परवा रिब्निका, अशी ती बदलीच्या नोकरीतल्या माणसाची वणवण.

१७९३ साली त्याची नेमणूक झाली कोप्रिव्निकला. हे बोहिन्य खोऱ्याच्या डोक्यावरचे, सुमारे हजार मीटर उंचीचे गाव. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात गाईगुरे, आणि बोलायला शेतकरी व धनगर. एखादा शिकलेला माणूस अशा जागी कुढून गेला असता. पण याच खोऱ्यात बॅरन झिगा झोइसचे लोखंडाचे कारखाने होते, आणि हा झोइस म्हणजे त्या प्रांतातला बहुधा सर्वांत श्रीमंत माणूस. संधिवाताने पाय गेलेले, चाकांच्या खुर्चीवर बसून असायचा. पण त्या खुर्चीभोवती त्याने काय माणसे जमवली! स्लोव्हेन रंगभूमीची पहिली नाटके लिहिणारा लिनहार्ट त्यांत होता, पुढे व्हिएन्नात मोठा भाषापंडित झालेला कोपितार होता. झोइसने या डोंगरावरच्या पाद्र्याला हेरले. त्याच्या कविता मागवल्या आणि पत्रांतून त्या तपासल्या. नुसते "छान छान" म्हणणारा हा आश्रयदाता नव्हता. पंडितांसाठी लिहू नकोस, लोकांना समजेल आणि म्हणता येईल असे लिही, हा त्या पत्रांचा रोख. वोद्निकने ते ऐकले. आल्प्सच्या खेड्यांत नाचताना म्हणायची जी छोट्या ओळींची, उड्या मारत जाणारी गाणी असत, त्यांची चाल त्याने उचलली. आता त्याचे पहिले पद्य १७८१ सालच्या एका संग्रहात छापलेले होते, म्हणजे कवितेचा नाद जुनाच. पण स्वतःचा आवाज सापडला तो या डोंगरावर.

डोंगराचे वेडही तिथलेच. त्रिग्लाव हे त्या देशाचे सर्वांत उंच शिखर, २८६४ मीटर. त्याच्यावर पहिल्यांदा चौघेजण चढले ते १७७८ साली, आणि त्या मोहिमेच्या पाठीशीही हाच झोइस. वोद्निक १७९५ साली त्या डोंगरांत भटकला, दगडधोंडे गोळा केले, आणि उंचावरून दिसणाऱ्या मुलखावर कविता लिहिली. पाद्र्याने खनिजे जमवावीत हे आपल्याला विचित्र वाटेल. त्या शतकात ते शहाणपणाचे लक्षण होते.

झोइसच्याच प्रोत्साहनाने १७९५ पासून तीन वर्षे त्याने 'वेलिका प्रातिका' म्हणजे मोठे पंचांग काढले. हे मला फार मोलाचे वाटते. ज्या घरात दुसरे एकही पुस्तक नसेल त्या घरात पंचांग असते, हे ओळखायला कवीला व्यवहारज्ञान लागते. शेतकरी पंचांग घेणार ते सणवार आणि पेरणीचे दिवस पाहायला. पान उलटताना त्याला एक कविता दिसेल, एखादे कोडे दिसेल, दोन उपयोगाच्या गोष्टी दिसतील. काव्यसंग्रह कोणी विकत घेत नाही हा अनुभव काही आजचा नाही. दिवाळी अंकात भविष्याच्या पानाशेजारी स्वतःचा लेख छापला गेला की आम्हां लेखकांची थोडी कुरकुर असते. वोद्निकची ओळख झाल्यापासून मी ती बंद केली आहे.

१७९६ साली तो ल्युब्लियानाला आला आणि ४ जानेवारी १७९७, बुधवार, या दिवशी 'लुब्लान्स्के नोवित्से' म्हणजे 'ल्युब्लियानाच्या बातम्या' या पत्राचा पहिला अंक निघाला. स्लोव्हेन भाषेतले हे पहिले वर्तमानपत्र. छापणारा एगर नावाचा मुद्रक. लिहिणारा, भाषांतर करणारा, संपादन करणारा वोद्निक. पहिल्या वर्षी बुधवारी आणि शनिवारी असे आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. बातम्या मुख्यतः व्हिएन्नाच्या जर्मन पत्रांतून घेतलेल्या. यात काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. मोठे असे की ज्या भाषेत तोवर पापपुण्य आणि पाऊसपाणी एवढेच छापून येई, तिच्यात आता तोफखाना, तह, सेनापती आणि परराष्ट्राचा वकील यांच्याविषयी लिहायचे होते. शब्द नव्हते. मग कधी शेतकऱ्यांच्या बोलीतला शब्द ओढूनताणून मोठा करायचा, कधी शेजारच्या स्लाव भाषांकडून उसना आणायचा. हे सारे अंक छपाईला जाण्याआधी! कोशकाराला शब्द सुचायला वर्ष मिळते, संपादकाला संध्याकाळ.

आणि बातम्या तरी कशा? पत्र सुरू झाले त्याच वसंतात फ्रेंच सैन्य ल्युब्लियानात शिरले. २८ एप्रिल १७९७ रोजी खुद्द सेनापती नेपोलियन बोनापार्ट त्या गावात मुक्कामाला होता. दूरच्या इटलीतले युद्ध म्हणून ज्याच्याविषयी लिहायचे तो माणूस आपल्याच गल्लीत! ऑस्ट्रियाच्या राज्यात सेन्सॉरची नजर, दाराशी फ्रेंच शिपाई, आणि मधे हा एकहाती संपादक. त्याच धामधुमीत त्याने आपल्या भाषेच्या इतिहासावर एक लांबलचक लेखमाला आपल्या पत्रात चालवली. आम्ही कोण, कुठून आलो, आमची भाषा कुणाची सख्खी, कुणाची चुलत, हे गावकऱ्यांना त्यांच्याच भाषेत सांगितले. चार वर्षे रेटून १८०० च्या अखेरीस पत्र बंद पडले. ग्राहकच थोडे होते. त्यानंतर स्लोव्हेनमध्ये पुढचे वर्तमानपत्र निघायला १८४३ साल उजाडावे लागले. त्रेचाळीस वर्षांची पोकळी! पहिला म्हणून पुढे गेलेल्या माणसाने मागे वळून पाहावे आणि वाटेवर कोणीच नसावे, तसे हे.

याच काळात, १७९९ साली, त्याने आणखी एक उद्योग केला, तो घरी सांगितला तेव्हा आमच्या घरात एकदम रस उत्पन्न झाला. त्याने पाककृतींचे पुस्तक तयार केले. 'कुहार्स्के बुक्वे', स्लोव्हेन भाषेतले पहिले छापील पाकशास्त्र. "अहो, पण पाद्री ना तो? कधी चुलीपुढे बसला होता का?" हा प्रश्न आलाच. बहुधा नसावा, पाककृती जर्मन पुस्तकांतून घेतलेल्या आहेत. पण त्याचे लक्ष भांड्यापेक्षा शब्दावर होते. स्वयंपाकीण जर्मन घरात नोकरीला गेली की पदार्थांची नावे जर्मन होतात, आणि मग तीच नावे तिच्या लेकीच्या तोंडी बसतात, हे त्याला दिसत होते. सुपाला लोक जर्मनवरून 'झुपा' म्हणत. त्याने दक्षिणेकडच्या स्लाव भाषांतला 'युहा' शब्द घातला. आज स्लोव्हेनियातल्या कुठल्याही खानावळीत पाटीवर 'युहा'च लिहिलेले असते, आणि तो शब्द एका कवीने वाढून ठेवला आहे हे जेवणाराच्या ध्यानीमनीही नसते. भाषेची चळवळ सभागृहापासून सुरू होते अशी आमची समजूत असते. या गृहस्थाने ती पातेल्यापासून सुरू केली.

मधल्या काळात तो ल्युब्लियानाच्या विद्यालयात अध्यापक झाला होता, म्हणजे आमच्याच पंगतीतला. १८०६ साली 'पेस्मे झा पोकुशिनो' हे पुस्तक निघाले. नावाचा अर्थ 'चवीपुरत्या कविता'. स्लोव्हेनमध्ये एकाच कवीच्या लौकिक विषयांवरच्या कवितांचे हे पहिले पुस्तक, आणि त्याचे नाव इतके विनयाचे! घ्या, चाखून पाहा, आवडल्या तर पुढे वाढू. कवितांत डोंगर आहेत, कष्टकरी माणसे आहेत, झोपलेल्या देशबांधवांना हलवून उठवणे आहे. शिकवण्याचा सूर मधूनमधून जास्तच लागतो हे कबूल केले पाहिजे. मास्तर कवी झाला तरी मास्तरच राहतो.

इथवरचा वोद्निक कोणालाही आवडेल. आता पुढचा सांगायचा आहे, आणि तो सांगताना माझी लेखणी थोडी अडखळते.

१८०९ साली ऑस्ट्रिया पुन्हा नेपोलियनशी लढायला उभा राहिला. गावोगाव देशरक्षक दले उभारली गेली. त्यांच्यासाठी बादशहाच्या निष्ठेची, शत्रूवर तुटून पडायला सांगणारी गाणी स्लोव्हेनमध्ये हवी होती. ती वोद्निकने दिली. ऑस्ट्रिया हरला. ऑक्टोबरमध्ये तह झाला, आणि नेपोलियनने त्या मुलखाचे 'इलिरियन प्रांत' करून ल्युब्लियानाला त्यांची राजधानी केले. मार्शल मार्मों गव्हर्नर म्हणून आला. आणि दोन वर्षांच्या आत, १८११ साली, त्याच वोद्निकने नेपोलियनच्या गौरवाची कविता छापली! शतकानुशतके निजलेल्या इलिरियाला या महापुरुषाने जागे केले, असा तिचा भाव. नाव 'इलिरिया पुनरुज्जीवित'.

मधल्या काळात घडले काय होते? फ्रेंचांनी खालच्या शाळांत लोकांच्या भाषेला जागा दिली. कोणत्याही बादशहाने तोवर जे केले नव्हते ते एका परक्या मार्शलच्या सहीने झाले. त्यातही घोळ होताच. पॅरिसहून आलेल्या अंमलदारांना वाटे की या साऱ्या प्रांतांत 'इलिरियन' नावाची एकच भाषा बोलतात. तेव्हा दक्षिणेकडच्या बोलीतली पुस्तके ल्युब्लियानातही चालतील. वोद्निकने, आणि मागून झोइसने, त्यांना समजावून सांगितले की इथल्या पोरांना ती कळणार नाही. इथे इथलीच भाषा हवी. त्यांनी ते मान्य केले. वोद्निककडे शाळांचा कारभार आला आणि हा त्रेपन्न वर्षांचा माणूस झपाटल्यासारखा क्रमिक पुस्तके लिहीत सुटला. त्यांतले मुख्य म्हणजे 'पिस्मेनोस्त', प्राथमिक शाळांसाठी स्लोव्हेनमधून लिहिलेले स्लोव्हेनचे पहिले व्याकरण. त्याआधीची व्याकरणे परक्या भाषांतून लिहिलेली असत. म्हणजे घरच्या भाषेचे नियम पाहुण्याच्या तोंडून ऐकायचे. 'पिस्मेनोस्त' शब्दाचा अर्थ आज त्या भाषेत साक्षरता असा होतो. नेपोलियनची ती कविता छापली आहे ती याच व्याकरणात!

मी यावर बराच विचार केला आहे. हे लाचार लेखन होते काय? १८०९ ची गाणी आणि १८११ ची कविता शेजारी ठेवली की प्रथमदर्शनी तसेच वाटते. एकाच तोंडाने दोन सम्राटांचा जयजयकार. पण कविता जिथे छापली आहे ती जागाही पाहिली पाहिजे. ती दरबारात वाचून दाखवलेली नाही, मुलांच्या व्याकरणात आहे. ज्याने माझी भाषा शाळेत नेली त्याचे मी गाणे गाईन, इतका सरळ हिशेब त्यात मला दिसतो. हिशेब भाबडा होता. नेपोलियनला स्लोव्हेन भाषेशी काय देणेघेणे? त्याला सैनिक आणि कर हवे होते, आणि ते त्याच्या अंमलदारांनी त्याच शेतकऱ्यांकडून वसूल केले. हे वोद्निकला दिसत नव्हते असे मला म्हणवत नाही. तरी त्याने लिहिले. मी स्वतः एकदा एका थोर म्हणवणाऱ्या पाहुण्यांसाठी मानपत्र लिहून दिले आहे. त्यातली विशेषणे आठवली की अजून कान तापतात. आणि त्या मानपत्राच्या बदल्यात मराठीला एक इयत्तादेखील मिळाली नव्हती! तेव्हा या बाबतीत न्यायाधीश होण्याचा माझा अधिकार बेताचाच.

पुढची गोष्ट ओळखीची आहे. १८१३ साली फ्रेंच गेले, ऑस्ट्रिया परतला. नव्या-जुन्या सरकारने कागद चाळले, कविता सापडली. १८१५ साली वोद्निकला सेवेतून निवृत्त केले. त्याने ऑस्ट्रियाच्या परतण्यावरही एक कविता लिहिली, इलिरियाचाच धागा धरून. उपयोग झाला नाही. खरे सांगायचे तर ही तिसरी कविता मला दुसरीपेक्षा जास्त बोचते. दुसरीत आशा आहे. हिच्यात भीती आहे. सत्तावन्न वर्षांचा, पोराबाळांवाचूनचा, आयुष्यभर शिकवीत आलेला माणूस, नोकरी गेल्यावर काय काय लिहील हे सुखाच्या खुर्चीत बसून ठरवू नये.

त्याच सुमाराला ल्युब्लियानात स्लोव्हेन भाषेचे पहिले अध्यासन मंजूर झाले. ज्याने पत्र काढले, पंचांग काढले, व्याकरण लिहिले, त्यालाच ते मिळायला हवे होते. ते मिळाले मेटेल्को नावाच्या तरुण पाद्र्याला. वोद्निक इटालियन भाषा शिकवीत राहिला.

या पडत्या दिवसांतले त्याचे शेवटचे छापील काम काय असावे? सुईणींसाठी प्रसूतिशास्त्राचे पुस्तक. ल्युब्लियानाच्या एका वैद्यकशिक्षकाने लिहिलेले, याने स्लोव्हेनमध्ये आणलेले. १८१८ साली ते छापून निघाले. ब्रह्मचारी पाद्री आणि सुईणींचे पुस्तक, हसू येणे साहजिक आहे. पण थोडे थांबून विचार केला की हसू मावळते. कविता कळली नाही तर काही बिघडत नाही. सुईणीला सूचना कळली नाही तर बाळ-बाळंतीण दोघांवर बेतते. खेड्यातल्या बाईला जर्मन येत नव्हते. ज्या सरकारने त्याला घरी बसवले त्याच्याच राज्यातल्या बाळंतिणींसाठी तो शब्द जुळवीत बसला होता.

टेबलावर आणखी एक बाड होते, जर्मन-स्लोव्हेन कोशाचे. आयुष्यभर शब्द गोळा केलेले, फ्रेंच अमदानीत वर्गणीदारही मागितले होते. छपाई झाली नाही. ८ जानेवारी १८१९ रोजी वोद्निक गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात झोइसही गेला. ते बाड मागे राहिले, आणि एकेचाळीस वर्षांनी, १८६० साली, जेव्हा स्लोव्हेनचा मोठा जर्मन कोश छापला गेला तेव्हा त्यात या कागदांतले शब्द घेतले गेले.

स्लोव्हेन काव्याचा मुकुटमणी म्हणजे फ्रान्स प्रेशेरेन. १८०० सालचा जन्म, वोद्निकहून बेचाळीस वर्षांनी धाकटा. त्याची कविता वाचली की वोद्निकची बोबडी वाटते हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. प्रतिभेचा तो पल्ला याचा नाही. पण प्रेशेरेनने वोद्निकच्या स्मरणार्थ कविता लिहिली आहे, आणि तिच्यात त्याला राखेतून पुन्हा उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याच्या जागी कल्पिले आहे. मोठ्या कवीने लहान कवीला अशी जागा द्यावी हे साहित्याच्या इतिहासात वरचेवर घडत नाही. आमच्याकडे तर मागून आलेला आधीच्याची टिंगल करूनच आत शिरतो!

३० जून १८८९ रोजी ल्युब्लियानात त्याचा पुतळा उभा राहिला. आलोइझ गांगल या तरुण शिल्पकाराने केलेला हा स्लोव्हेन लोकांनी आपल्या माणसासाठी उभारलेला पहिला राष्ट्रीय पुतळा. ज्या विद्यालयात त्याने शिकवले त्याच्या इमारतीपुढे तो बसवला होता. सहाच वर्षांनी, १८९५ साली, शहराला मोठा भूकंप झाला आणि नंतर ती इमारत पाडून टाकली. पुतळा राहिला. मोकळ्या झालेल्या जागेत मंडई भरू लागली. ती आजही भरते.

घरी हे वाचून दाखवले तेव्हा प्रश्न आला, "म्हणजे सुपाची भाजी आता त्याच्याच पायाशी विकतात म्हणायची?"

होय, तिथेच.